बॅग आपली, पाठ त्याची : डोंगरवाटेवरच्या हमालाने किती ओझं वाहायचं, आणि तो आजारी पडला तर जबाबदार कोण?

बाजार समितीत पोतं पाठीवर घेऊन वाकून चालणारा हमाल खेड्यापाड्यातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. पोतं ५० किलोचं असलं तरी अंतर ट्रकपासून गाळ्यापर्यंतच. आता गाळ्याच्या जागी हिमालय ठेवा. रोज सहा-सात तास चढ-उतार, असे दहा-बारा दिवस. पाठीवर दोन पाहुण्यांच्या बॅगा एकावर एक बांधलेल्या आणि सगळा भार कपाळावरच्या पट्ट्यावर. नेपाळात एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर असं ओझं वाहणाऱ्या माणसाला ‘भरिया’ म्हणतात. आपण पोर्टर म्हणतो.

पूर्वी असल्या ट्रेकला मुंबई-पुण्याचेच लोक जायचे. आता तालुक्याच्या गावातून शिक्षक जातात, डॉक्टर जातात, शेतकऱ्यांची पोरंही जातात. केदारनाथला तर गावागावांतून गाड्या भरून भाविक निघतात. १५ ऑगस्टला नाहीतर शिवजयंतीला आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर झेंडा फडकवल्याच्या बातम्या येतात, सत्कारही होतात. फोटोत झेंडा असतो, पाहुणा असतो. ज्याने तंबू, गॅस, तांदूळ आणि पाहुण्याची बॅग वर नेली, तो बहुतेक वेळा फोटोच्या बाहेरच राहतो. त्याच्यासाठी काही नियम आहेत, काही ठिकाणी कायदाही आहे. हे बॅग देणाऱ्याला माहीत असलं तर त्याचा उपयोग होतो, म्हणून ही माहिती.

भरिया म्हणजे शेर्पा नव्हे

पहिला गैरसमज हाच. ओझं उचलणारा प्रत्येक जण शेर्पा असतो आणि शेर्प्याला विरळ हवेचा त्रास होत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. शेर्पा ही एव्हरेस्ट भागात राहणारी एक जमात आहे. ट्रेकच्या वाटेवर ओझं वाहणारे बरेच जण राई, तामांग, मगर अशा समाजांतले असतात. त्यांची गावं खालच्या डोंगररांगांत. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची थोडी शेती असते. भात, मका, नाचणी घ्यायची आणि हंगाम संपला की कामाला वर निघायचं. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या निघतात ना, तसंच काहीसं.

आता उंचीचा हिशोब बघा. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. लुकला विमानतळ, जिथून एव्हरेस्टची वाट सुरू होते, तो २,८६० मीटरवर. नामचे बाजार ३,४४० वर आणि बेस कॅम्प ५,३६४ वर. बेस कॅम्पला श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. खालच्या गावातून आलेल्या भरियाला ही उंची पाहुण्याइतकीच नवी असू शकते. फरक इतकाच की पाहुण्याच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि जॅकेट असतं, त्याच्या पाठीवर बाकी सगळं.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. पाहुण्याचं डोकं दुखलं की गाइड चार वेळा विचारतो, गोळी देतो, एक दिवस थांबूही म्हणतो. भरियाचं डोकं दुखलं तर तो सांगतच नाही. सांगितलं आणि परत पाठवलं तर पुढचे सगळे रोज बुडाले.

ओझं किती?

नेपाळात ओझं वाहायची पद्धत जुनी आहे. बांबूची निमुळती टोपली, तिला ‘डोको’ म्हणतात. ‘नाम्लो’ म्हणजे टोपलीखालून घेऊन कपाळावर अडकवायचा पट्टा. आणि ‘टी’ अक्षरासारखी आखूड काठी, ‘तोक्मा’. थांबायचं झालं की टोपली खाली न ठेवता त्या काठीवर टेकवून उभ्या उभ्या दम घ्यायचा. एकदा खाली ठेवलेलं ओझं परत उचलणं किती अवघड असतं, हे पोतं उचललेल्याला सांगायला नको.

नामचेच्या बाजाराला माल घेऊन जाणाऱ्या हमालांवर शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. पुरुषांच्या पाठीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं निघालं, बायकांच्या पाठीवर ६६ टक्के. पाचातला एक पुरुष स्वतःच्या वजनाच्या सव्वापट किंवा त्याहून जास्त घेऊन चालला होता. सगळ्यात लहान हमाल ११ वर्षांचा होता, सगळ्यात म्हातारा ६८ वर्षांचा. हे दुकानांचा माल वाहणारे हमाल, त्यांना किलोवर पैसे. जास्त उचललं तर जास्त मिळतात, मग माणूस उचलतो.

ट्रेकच्या भरियाचं तसं नसतं. त्याला रोज ठरलेला असतो. ट्रेकिंगच्या कामात एका माणसामागे ३० किलो ही मर्यादा सगळीकडे मानली जाते, आणि चांगल्या कंपन्या त्याच्याही खाली थांबतात. साधारण दोन पाहुण्यांना एक भरिया देतात. त्याचे स्वतःचे कपडे आणि पांघरूणही त्याच ओझ्यात असतं, हे मात्र हिशोबात धरलं जात नाही. पाहुण्यांनी १५-१५ किलोच्या बॅगा दिल्या की ३० तिथेच संपले.

मर्यादा कागदावर असून उपयोग नाही, वाटेवर काटा लागतो. किलिमांजारोवर तो आहे. तिथे २० किलोची मर्यादा आहे आणि उद्यानाच्या गेटवर ओझं काट्यावर ठेवूनच पुढे सोडतात. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात माचू पिचूकडे जाणारी ‘इंका ट्रेल’ नावाची चार दिवसांची वाट आहे. तिथल्या हमालांसाठी पेरूने २००१ सालीच वेगळा कायदा केला आणि ओझं २० किलोवर आणलं. २०२२ च्या नव्या कायद्यात बायकांसाठी १५ किलो. तिथेही वाटेच्या तोंडाशी वजन होतं. या दोन्ही ठिकाणी वाट एका गेटातून सुरू होते, त्यामुळे तपासणी सोपी. नेपाळात वाटा शेकडो आणि गावागावातून जाणाऱ्या, म्हणून बॅग किती भरायची हे शेवटी भरणाऱ्याच्याच हातात राहतं. काठमांडूहून लुकलाला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी सामान साधारण १५ किलोच घेऊ देतात. विमानाला जे जड होतं ते माणसाच्या पाठीला हलकं कसं होणार?

वीस वर्षांचा पोरगा आणि ३० तास

१९९७ साली नेपाळात एका ट्रेकिंग कंपनीच्या कामावर असलेला २० वर्षांचा भरिया विरळ हवेने गंभीर आजारी पडला. त्याचा हिशोब करून पैसे हातात दिले आणि त्याला एकट्यालाच खाली पाठवून दिलं. पुढच्या ३० तासांत तो गेला. मागे बायको आणि दोन लहान मुलं.

या मृत्यूनंतर ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ ही संस्था उभी राहिली. तिने जे नियम घालून दिले ते आज जगभर धरले जातात, आणि वाचले तर त्यात अवघड असं काहीच नाही. हवामानाला पुरतील असे कपडे, बूट, हातमोजे आणि बर्फावर डोळे सांभाळायला गॉगल. रात्री झोपायला छप्पर आणि अंगाखाली काहीतरी. गरम जेवण. विमा. आणि आजारी पडला तर पाहुण्याला जो उपचार मिळेल तोच त्यालाही.

सगळ्यात कळीचा नियम त्या पोराच्या मरणातूनच आला आहे. आजारी भरियाला हिशोब करून परस्पर वाटेला लावायचं नाही. आधी टीमच्या प्रमुखाने त्याला नीट बघायचं. खाली पाठवायचंच असेल तर त्याची भाषा बोलणारा आणि त्याला काय होतंय हे समजणारा माणूस सोबत द्यायचा, त्रास काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि वाटखर्चाला व दवाखान्याला पुरतील एवढे पैसे द्यायचे.

विरळ हवेच्या आजाराची लक्षणं माहीत असणं पाहुण्यालाही गरजेचं आहे. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं ही सुरुवात. दारू प्यायल्यासारखा झोक जायला लागला, बोलणं अडखळलं, असंबद्ध झालं, की समजायचं मेंदूला सूज येतेय. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, थुंकीत गुलाबी फेस दिसला, तर फुप्फुसात पाणी भरतंय. या दोन्हींवर खात्रीचा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणं. सकाळ होऊ द्या, मग बघू, असं म्हणण्यात माणसं गेलेली आहेत.

पैसे कोणाच्या हातून कोणाकडे

पुण्या-मुंबईची टूर कंपनी पाहुण्याकडून पैसे घेते. ती काठमांडूच्या एजन्सीला काम देते. एजन्सी सरदार म्हणजे टोळीचा म्होरक्या नेमते, तो गावातून नाहीतर लुकलाच्या धावपट्टीबाहेर थांबलेल्या घोळक्यातून माणसं उचलतो. प्रत्येक हातात थोडं थोडं राहतं. मुकादमाच्या पद्धतीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. रोजातून भरियाचं जेवण आणि मुक्कामही बऱ्याचदा त्याच्याच खिशातून जातो. जसजसं वर जावं तसतसं जेवण महागतं, कारण तो तांदूळही कोणीतरी पाठीवरूनच आणलेला असतो. मग भरिया जेवणात काटकसर करतो आणि त्याच पोटावर दुसऱ्या दिवशी ओझं उचलतो. रात्री लॉजमध्ये पाहुणे खोलीत गेले की जेवणघरातल्या बाकड्यांवर अंग टाकायचं. तेही जागा असली तर.

खरी अडचण अशी की त्याचा मालक दर आठ-पंधरा दिवसांनी बदलतो. या आठवड्यात ही कंपनी, पुढच्या आठवड्यात ती. मग पीएफ कोण भरणार, दुखापत झाली तर दारात कोणाच्या जायचं? आपल्याकडच्या हमालांचीही नेमकी हीच अडचण होती. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. त्या कायद्याने मधे माथाडी बोर्ड आणलं. व्यापारी रोज बदलला तरी मजुरी आणि वरची लेव्ही बोर्डात जमा होते, त्यातून हमालाला पीएफ, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मिळतं. माथाडीतही आज तक्रारी आहेत, नाही असं नाही. पण मालक बदलला तरी हमालाचं खातं बदलत नाही, ही सोय डोंगरावरच्या बहुतेक हमालांना अजून मिळालेली नाही.

माणूस गेल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण सगळ्या जगाने पाहिलं. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टवर खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि मोहिमांसाठी सामान वर नेणारे १६ नेपाळी कामगार मेले. सरकारने प्रत्येक घराला तातडीची मदत जाहीर केली ४० हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले २५ हजार. कामगारांनी काम थांबवलं आणि त्या बाजूचा त्या वर्षीचा चढाईचा हंगामच संपला. त्यानंतर मोहिमेवरच्या कामगारांच्या विम्याची किमान रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाली. रक्कम वाढली ती १६ जण गेल्यावर आणि बाकीच्यांनी पाठीवरचं ओझं खाली ठेवल्यावर.

किलिमांजारोची युक्ती

टांझानियात २००३ पासून ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ नावाचं काम चालतं. त्यांची एक पद्धत घेण्यासारखी आहे. जी कंपनी म्हणते आम्ही हमालांना नीट वागवतो, तिच्या मोहिमेत ते आपले माहितगार हमाल ठेवतात. खाली आल्यावर तो सांगतो, जेवण किती वेळा मिळालं, तंबूत किती जण कोंबले, ओझं किती होतं, मजुरी पूर्ण मिळाली का. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा तो काय सांगतो याला वजन. ही संस्था हमालांना गरम कपडे आणि बूट फुकट वापरायला देते. ट्रेक संपल्यावर पाहुण्यांनी आपली जॅकेटं नि बूट तिथे ठेवून जायची प्रथाही पडली आहे.

टिपेबद्दल त्यांचा सल्ला सरळ आहे. सगळ्यांसमोर, कोणाला किती ते मोठ्याने सांगून द्या. म्होरक्याच्या हातात बंद पाकीट दिलं की शेवटच्या माणसापर्यंत काय पोचलं ते देव जाणे.

केदारनाथला जाणाऱ्यांनी

आपल्या वाचकांचा संबंध एव्हरेस्टपेक्षा केदारनाथशी जास्त. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत साधारण १६ किलोमीटरची चढण, मंदिर ३,५८३ मीटरवर. चालवत नाही त्यांच्यासाठी घोडा-खेचर, चौघांनी उचलायची डोली, किंवा एकाने पाठीवर घ्यायची कंडी. डोली-कंडीवाले बरेचसे नेपाळातून आलेले असतात. इथे बॅगेचा प्रश्न नाही, ओझं म्हणजे आपणच. दर प्रशासन ठरवून देतं आणि नोंदणी केलेल्यांनाच परवानगी असते. काउंटरवर पैसे भरून पावती घेतली तर घासाघीस वाचते, आणि काही झालं तर तो माणूस कोण होता याची नोंदही राहते. शे-दोनशे वाचवायला बिगरनोंदणीचा माणूस धरला तर अपघात झाल्यावर दोघांचेही हाल. वाटेत आपण चहा प्यायला थांबलो तर त्यांनाही चहा विचारायला हरकत नाही. पाऊस आला की त्यांनाही आडोसा लागतोच.

मग हमाल घ्यायचाच नाही का?

असं म्हणणारेही भेटतात. माणसाने माणसाच्या पाठीवर बसू नये, ओझं देऊ नये. मनात येणारी गोष्ट चांगली आहे, पण हमालाला विचारलं तर तो म्हणेल, काम द्या आणि काटा लावा. कातकाम सुटलं तर शेत पुरत नाही. माथेरानच्या हातरिक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, तेव्हा त्याच आदेशात रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पोट चालू राहील हेही बघायला सांगितलं. दुसरं काम न देता नुसतं बंद करून टाकणं हा त्या हमालावरच अन्याय.

त्यापेक्षा पैसे भरण्याआधी टूरवाल्याला विचारावं. एका पोर्टरवर किती किलो देता? त्याचा विमा आहे का, असेल तर त्याचा कागद दाखवा. त्याचं जेवण आणि मुक्काम कंपनीकडून की त्याच्या रोजातून? बूट-जॅकेट कोण देतं? आजारी पडला तर सोबत कोण उतरतं? चांगली कंपनी लगेच उत्तर देते. ‘ते तिकडचे लोक बघतात’ असं उत्तर आलं तर काय समजायचं ते समजावं. आणि वाटेत निदान त्या माणसाचं नाव विचारावं, संध्याकाळी तो कुठे झोपतो ते एकदा डोकावून बघावं. दहा दिवस आपलं सामान वाहणाऱ्याचं नाव न विचारता परत आलेले लोक कमी नाहीत.

आपल्या गडांच्या पायथ्याला

सह्याद्रीतही हे काम वाढतंय. गडांच्या पायथ्याच्या गावांतली पोरं शहरातल्या ग्रुपचे तंबू, पाणी, जेवणाचं सामान वर पोचवतात, वाट दाखवतात. इथे काटा नाही, ठरलेला दरही नाही. ग्रुप आला की ‘एवढं एक पण घे’ म्हणत पिशवी वाढत जाते. त्यासाठी आधीच फोनवर वजन, दर, जेवण आणि परत यायची वेळ ठरवून तेच व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलेलं बरं. भांडण झालं तर दाखवायला काहीतरी हातात राहतं. पावसाळ्यात निसरड्या टप्प्यावर किंवा रात्री उतरायला नाही म्हणायचा हक्क हमालालाही आहे, हे गावाने मिळून एकदा ठरवलं तर एकट्या पोरावर ताण येत नाही.

विम्यासाठी कुठल्या कंपनीची वाट बघायची गरज नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात, वय १८ ते ७० चालतं, आणि अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख रुपये मिळतात. फॉर्म आपल्याच बँकेत मिळतो. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीला खात्यात पैसे शिल्लक हवेत, नाहीतर विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते कळतं अपघात झाल्यावर. सोबत ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नाव नोंदवता येतं, १६ ते ५९ वयापर्यंत. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल नंबर आणि बँक खातं लागतं. नोंदणी मोफत आहे, मोबाइलवरून स्वतः करता येते किंवा जवळच्या सीएससी केंद्रात जाऊनही होते.